वाहनतळाच्या जागी पेठ वसवताना: सोलापूरसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीची कार्यपद्धती

शहराच्या मध्यवस्तीत महापालिकेच्या मालकीचा मोकळा वाहनतळ असणे म्हणजे मोलाची जमीन जवळजवळ फुकट वापरात असणे होय. एक मोटार उघड्यावर उभी करायला, आत येण्या-जाण्याच्या वाटेसकट, साधारण २३ चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या जागेत सोलापूरच्या पूर्व भागात एक बिऱ्हाड राहते, आणि अनेक घरांत त्याच जागेत मागही चाललेला आहे. अशा वाहनतळावर घरे, दुकाने, कार्यालये आणि पायी फिरण्याजोग्या गल्ल्या असलेली वस्ती उभी करता येते, आणि महापालिकेकडे पैसा अपुरा असेल तर खासगी भागीदाराच्या भांडवलावरही ती उभी राहते. मात्र त्यासाठी कामांचा क्रम सांभाळावा लागतो. गल्ल्या, चौक, सावली आणि तळमजल्याचा वापर या चार गोष्टी महापालिकेने निविदा काढण्यापूर्वी ठरवल्या पाहिजेत आणि भागीदार त्यानंतर शोधला पाहिजे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी विकासक नेमून मग त्याच्याकडून आराखडा मागवला, तर हाती येते ते दर्शनी भागात काच असलेले एक व्यापारी संकुल आणि त्याच्याभोवती पूर्वीइतकीच वाहने.

हे लेखन नगरसेवक, महापालिकेचे अभियंते, व्यापारी संघटना, स्थानिक बांधकाम व्यावसायिक आणि आपल्या प्रभागात असा प्रकल्प यावा असे वाटणारे नागरिक यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून नवी पेठेच्या आसपास ८० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद, म्हणजे ४,००० चौरस मीटरचा, एक कल्पित वाहनतळ गृहीत धरला आहे.

वाहनांची मोजणी

पहिले काम म्हणजे आज तिथे खरोखर किती वाहने उभी राहतात हे मोजणे. ‘पार्किंग कमी पडते’ हे वाक्य नवी पेठेत आणि चाटी गल्लीत रोज ऐकू येते, परंतु तेवढ्यावर कोट्यवधी रुपयांचा निर्णय घेता येत नाही. मोजणीची रीत सोपी आहे. वाहनतळ आणि त्याच्या भोवतालचे रस्ते यांचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्यावर एक माणूस नेमावा आणि सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासाने उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहून घ्यावेत. दुचाकी, मोटार, रिक्षा आणि मालाचा टेम्पो यांचे रकाने वेगळे ठेवावेत. एक साधा कामाचा दिवस, एक रविवार आणि दिवाळीच्या खरेदीचा एक दिवस एवढे मोजले तर चित्र पुरेसे स्पष्ट होते.

चार आकड्यांचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. नुसती संख्या मोजली तर वाहनतळ भरलेला आहे एवढेच कळते. क्रमांक लिहिले तर तो कोणी भरला आहे हेही कळते. सकाळी दहाला दिसलेला क्रमांक रात्री आठच्या रकान्यातही त्याच जागी दिसला, तर ते वाहन ग्राहकाचे नसून बहुधा दुकानदाराचे किंवा त्याच्याकडील कामगाराचे असते. अशा एका वाहनाने अडवलेल्या जागेत दिवसभरात आठ-दहा ग्राहक येऊन गेले असते. अशा दुकानदारांची व कामगारांची सोय थोड्या लांबच्या, स्वस्त मासिक पासाच्या जागेत केली, तर नवे बांधकाम न करताही मागणी उतरते. दुसरी बाब दुचाकींची. एका मोटारीला लागणाऱ्या जागेत सहा-सात दुचाकी सहज मावतात, आणि सोलापूरचा बाजार प्रामुख्याने दुचाकीवरच चालतो. त्यामुळे मोटारींच्या हिशेबाने आखलेला वाहनतळ आपल्या शहराच्या अंगाला बसत नाही.

गड्ड्याच्या यात्रेतील गर्दी पाहून वर्षभराची क्षमता ठरवू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. जानेवारीत होम मैदानाच्या परिसरात लोटणाऱ्या वाहनांसाठी तेवढ्या दिवसांपुरती शाळा-महाविद्यालयांची मैदाने घ्यावीत आणि तिथून परिवहन उपक्रमाच्या बस सोडाव्यात. वर्षातील थोड्या दिवसांसाठी उरलेले सर्व दिवस रिकामी राहणारी जागा बांधणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे. सर्वाधिक वर्दळीच्या नेहमीच्या वेळी सुमारे ८५ टक्के जागा भरलेल्या असतील, म्हणजे येणाऱ्याला दर सहा-सात जागांमागे एक मोकळी सापडेल, अशी क्षमता धरावी.

जमिनीचे कागद

नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि मोजणी नकाशा घ्यावा, आणि महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला घ्यावा. विकास आराखड्यात त्या जागेवर वाहनतळाचे आरक्षण असेल तर ती घरे-दुकानांसाठी परस्पर वापरता येत नाही. एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतील आरक्षित जागांच्या विकासाच्या तरतुदींत प्रकल्प बसतो का, हे आधी पाहावे. बसत नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते आणि तीत नागरिकांच्या सूचना व हरकती मागवाव्याच लागतात. हा वेळ वेळापत्रकात आरंभीच धरावा. निविदा निघाल्यानंतर फेरबदल अडकला की विकासक नुकसानभरपाई मागतो, आणि करार ढिला असेल तर ती द्यावी लागते.

सोलापुरात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. भुईकोट किल्ला हे केंद्र संरक्षित स्मारक असल्यामुळे त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात पूर्वपरवानगी लागते. पार्क चौक आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूची कोणतीही जागा निवडताना हे अंतर नकाशावर पट्टी लावून मोजावे. दुसरी गोष्ट होटगी रस्त्यावरील विमानतळाची. इमारतीच्या उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र कुठे लागते हे आधीच तपासावे. विमानमार्गातील अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडण्यात आली, हे सोलापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ महापालिकेच्या मालमत्तेच्या विल्हेवाटीसंबंधी आहे. भाडेपट्टा असो वा विक्री, मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये, हे त्यातील तत्त्व आहे. म्हणून स्वतंत्र मूल्यांकन करून घेतल्याशिवाय सर्वसाधारण सभेपुढे विषय नेऊ नये. मूल्यांकन करताना ‘वाहनतळ’ म्हणून जमिनीची किंमत न धरता, प्रस्तावित वापर मंजूर झाल्यावर तिची जी किंमत होईल ती धरावी. या दोन आकड्यांतील फरक हाच जनतेचा खरा वाटा आहे.

आराखडा महापालिकेने करावा

आता मुख्य भागाकडे येऊ. आपल्या ४,००० चौरस मीटरांतून पूर्व-पश्चिम ८० मीटर आणि उत्तर-दक्षिण ५० मीटर अशा दोन गल्ल्या आरपार काढाव्यात. दोन्ही साडेसात मीटर रुंद धरल्या तर छेदाचा भाग एकदाच मोजून त्यांना सुमारे ९२० चौरस मीटर लागतात. त्या जिथे मिळतात तिथे सुमारे ४८० चौरस मीटरचा चौक ठेवावा. म्हणजे ३५ टक्के जमीन सार्वजनिक राहिली आणि उरलेल्या २,६०० चौरस मीटरांचे साधारण साडेसहाशे चौरस मीटरचे चार भूखंड झाले. गल्ल्या दोन्ही टोकांना अस्तित्वातील रस्त्यांना मिळाल्या पाहिजेत. आत जाऊन बंद होणारी गल्ली संकुलाचे आवार होऊन बसते, आणि आवाराला पुढेमागे फाटक लागते.

सोलापूरच्या हवेत पायी चालणे सावलीवर अवलंबून आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, म्हणजे त्या वेळी उंच इमारतीचीही सावली रस्त्यावर पडत नाही. उत्तर-दक्षिण गल्लीला सकाळी एका बाजूची आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूची इमारत सावली देते, त्यामुळे ती अरुंद असली तरी सुसह्य असते. पूर्व-पश्चिम गल्लीला उन्हाळ्यात तेवढा आधार नसतो. तिथे तळमजल्याची भिंत अडीच मीटर आत घेऊन, वरच्या मजल्यांखालून जाणारा सलग ओटा करावा, आणि दुसऱ्या बाजूस दर आठ मीटरला कडुलिंब किंवा करंज लावावा. झाडाच्या मुळांसाठी पुरेशी खोल माती मिळाली पाहिजे; त्याच्याखाली तळघराचा स्लॅब आला तर झाड खुरटते, म्हणून तळघर गल्ल्यांच्या खाली जाऊ देऊ नये.

चालण्याची मोकळी पट्टी कुठेही १.८ मीटरपेक्षा कमी नसावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे पादचाऱ्यांसाठीचे निकष सांगतात. बाजारपेठेत १.८ मीटर अपुरे पडतात, कारण दुकानासमोर थांबलेले ग्राहकच मीटरभर जागा घेतात. म्हणून अडीच मीटर धरावेत. विजेचे खांब, रोहित्र, कचराकुंडी आणि नामफलक यांसाठी वेगळी पट्टी आखावी, नाहीतर ती सगळी मंडळी चालण्याच्या पट्टीत येऊन उभी राहतात. व्हीलचेअर आणि बाळाची गाडी रस्त्यापासून दुकानापर्यंत कुठेही न उचलता गेली पाहिजे.

तळमजल्याबाबत अट स्पष्ट असावी: गल्लीकडील दर्शनी लांबीच्या किमान तीन-चतुर्थांश भागात दुकाने, खानावळी, दवाखाने, वाचनालय किंवा कारागिरांचे गाळे असावेत, त्यांची दारे थेट गल्लीत उघडावीत आणि वाहनतळाची इमारत सोडून इतरत्र तळमजल्यावर वाहने उभी करण्यास मनाई असावी. आजच्या बहुतेक नव्या इमारती खांबांवर उभ्या राहतात आणि तळमजला वाहनांना देतात. त्यामुळे रस्ता निर्जीव होतो आणि संध्याकाळनंतर स्त्रियांना तिथून एकटीने जाणे नकोसे वाटते. वरच्या मजल्यांवर घरे हवीतच, कारण दुकाने बंद झाल्यावर रस्त्याकडे लक्ष असते ते घरांच्या खिडक्यांतून. खाली व्यवसाय आणि वर बिऱ्हाड ही रचना सोलापूरला नवी नाही. साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक या भागांतील विणकरांच्या घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. काही घरे लहान, ३० ते ४० चौरस मीटरची ठेवण्याची सक्ती करावी, म्हणजे बाजारात काम करणारी माणसे बाजारातच राहू शकतील.

वाहनतळाचे काय करावे, याचे उत्तर मोजणीत मिळालेले असते. बोस्टनमध्ये पोस्ट ऑफिस स्क्वेअर येथे १९५४ चे बहुमजली वाहनतळ १९८८ मध्ये पाडून त्या जागी बाग केली गेली आणि तिच्या पोटात सात मजली, १,४०० मोटारींचे तळघर बांधले गेले. सोलापुरात मात्र थोड्या काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कातळ लागतो. तो फोडून दोन-तीन मजले खाली जाण्याचा खर्च इथल्या पार्किंग शुल्कातून वसूल होण्याची शक्यता नाही. म्हणून चारपैकी एकाच भूखंडावर, मागच्या बाजूला, साधी उताराची बहुमजली इमारत करावी आणि तिचा तळमजला दुकानांना व दुचाकींना द्यावा. मजल्यांची उंची आणि जमिनीची सपाटी अशी ठेवावी की मागणी घटली तर पुढे तिथे कार्यालये करता येतील. मोटारी यंत्राने उचलून एकावर एक ठेवणारे यांत्रिक पाळणे टाळावेत, असे माझे ठाम मत आहे. वीज गेली, सुटा भाग मिळाला नाही किंवा देखभालीचा ठेका संपला की ते बंद पडतात आणि बंदच राहतात.

पाण्याचाही विचार आराखड्यातच करावा. शहराच्या अनेक भागांत पाणी काही दिवसांआड येते. त्यामुळे साठवण टाक्यांची क्षमता दोन दिवसांच्या नव्हे, तर प्रत्यक्ष अंतराच्या हिशेबाने ठेवावी आणि सांडपाणी शुद्ध करून झाडांना व स्वच्छतागृहांना द्यावे.

भागीदार कसा निवडावा

भागीदारीचे तीन प्रकार व्यवहारात आढळतात: जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे, बांधा-चालवा-हस्तांतरित करा, आणि बांधकामातील ठरावीक क्षेत्र महापालिकेने घेणे. सोलापुरातील जागांचे भाव पुण्यासारखे नाहीत, त्यामुळे गल्ल्या, जलवाहिन्या, मलवाहिन्या, वाहनतळाची इमारत आणि घरे असा सगळा भार एकाच विकासकावर टाकला तर एक तर निविदेला प्रतिसाद येत नाही, किंवा येणारा विकासक सार्वजनिक कामांतच हात आखडता घेतो. माझ्या मते महापालिकेने गल्ल्या व भूमिगत सेवा स्वतःच्या किंवा शासकीय अनुदानाच्या निधीतून बांधाव्यात आणि चारही भूखंड वेगवेगळ्या निविदांनी भाडेपट्ट्यावर द्यावेत. साडेसहाशे चौरस मीटरचे काम पेलणारे स्थानिक व्यावसायिक सोलापुरात आहेत. एक अडखळला तरी तिघांचे काम चालू राहते, आणि चार हातांनी बांधलेली गल्ली एकसुरी दिसत नाही.

निविदा दोन टप्प्यांत काढावी: आधी अनुभव आणि आर्थिक क्षमता, मग बोली. सार्वजनिक अटी सर्वांना सारख्या ठेवाव्यात आणि बोली फक्त एका आकड्यावर घ्यावी. आकर्षक सादरीकरणाला गुण देण्याची पद्धत वरवर चांगली दिसते, पण तीत पक्षपाताला वाव राहतो आणि पुढे वाद न्यायालयात जातो. बोलीसाठी एकरकमी अधिमूल्यापेक्षा, किमान हमी असलेला वार्षिक उत्पन्नाचा वाटा मला अधिक योग्य वाटतो. एकरकमी पैसा त्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात जिरतो. वार्षिक वाटा मिळत राहिला तर वस्ती चांगली चालण्यात महापालिकेचेही हित गुंतलेले राहते. एकच बोली आली तर घाईने मंजूर करू नये. अटी तपासून पुन्हा निविदा काढावी.

बोली लावणारे चटईक्षेत्रासाठी, म्हणजे भूखंडावर करता येणाऱ्या एकूण बांधकामासाठी, आतील गल्ल्या रुंद करण्याची मागणी करतात, कारण नियमावलीत रस्त्याच्या रुंदीनुसार अनुज्ञेय चटईक्षेत्र वाढते. भूखंडांची आखणी करतानाच प्रत्येकाला बाहेरील मोठ्या रस्त्यावर दर्शनी बाजू द्यावी, म्हणजे ही मागणी उद्भवतच नाही.

करारात काय असावे

शिकागो शहराने २००८ मध्ये रस्त्यांवरील सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी १.१५ अब्ज डॉलरला खासगी कंपनीला दिले. शहराच्याच महानिरीक्षकांनी पुढच्या वर्षी दाखवून दिले की या हक्कांचे मोल याच्या जवळजवळ दुप्पट होते. त्याहून मोठे दुखणे असे, की सायकल मार्ग, बस थांबा किंवा रस्त्यावरील उत्सव यांसाठी मीटर बंद ठेवावे लागले तर शहराला कंपनीला भरपाई द्यावी लागते. म्हणजे पैशांबरोबर रस्त्यावरचा अधिकारही गेला. आपल्या करारात गल्ल्या, चौक आणि भोवतालचे रस्ते भाडेपट्ट्याच्या नकाशातून स्पष्टपणे वगळावेत; त्यांवर फाटक, कमान किंवा सुरक्षारक्षकाची चौकी बसवण्यास मनाई असावी; आणि आसपास नवा पदपथ, बसमार्ग किंवा दुसरा वाहनतळ केल्यास विकासकाला भरपाई मिळणार नाही, असे एक स्वतंत्र कलम असावे.

मुंबईचा अनुभव दुसऱ्या अंगाने उपयोगी आहे. तिथे विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(२४) या तरतुदीखाली विकासकांना वाढीव चटईक्षेत्र देऊन सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले गेले, परंतु बाहेर रस्त्यावर वाहन उभे करणे सोपे असल्याने त्यांतील अनेक ओस राहिले, आणि शेवटी जुलै २०१९ मध्ये अशा वाहनतळांच्या परिसरात रस्त्यावर वाहन लावणाऱ्यांवर हजारो रुपयांचा दंड लावावा लागला. म्हणून इमारतीतील दर नेहमी रस्त्यावरील दरापेक्षा कमी ठेवावा आणि रस्त्यावरील शिस्तीची जबाबदारी महापालिका व वाहतूक शाखा यांनी लेखी स्वीकारावी.

पार्किंगचा पैसा जातो कुठे, हे लोकांना दिसले तर विरोध मावळतो. अमेरिकेतील पॅसाडेना शहराने १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत मीटर बसवले तेव्हा व्यापाऱ्यांची संमती मिळाली ती एका अटीवर: मीटरचे उत्पन्न त्याच बाजारपेठेचे पदपथ, झाडे आणि स्वच्छता यांवर खर्च व्हावे. सोलापुरातही वाहनतळाचे उत्पन्न स्वतंत्र बँक खात्यात ठेवून आधी त्या परिसराच्या देखभालीवर खर्च करावे, असा ठराव सर्वसाधारण सभेने करावा.

उरलेली कलमे थोडक्यात. टप्प्यानुसार मुदत आणि बँक हमी. महापालिका व विकासक दोघांनी मिळून नेमलेला स्वतंत्र अभियंता. जमीन गहाण न टाकता केवळ भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवण्याची मुभा. काम सोडून दिल्यास बांधकामासह ताबा परत घेण्याचा अधिकार. घरांच्या विक्रीसाठी महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी. आणि घराबरोबर पार्किंग सक्तीने न विकता ज्याला हवे त्याने ते वेगळ्या भाड्याने घेण्याची सोय. ही शेवटची अट वाचताना किरकोळ वाटते, परंतु वाहन नसलेल्या कुटुंबाला घर स्वस्त मिळण्याचा हाच मार्ग आहे.

तिथे आज पोट भरणारी माणसे

वाहनतळाच्या कडेला चहाची टपरी, भाजीची हातगाडी, चप्पल शिवणारा कारागीर आणि गाड्या पुसणारी मुले असतात, आणि प्रकल्पाच्या नकाशात ती सहसा दिसत नाहीत. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार त्यांचे सर्वेक्षण आणि स्थलांतरासाठी किमान ३० दिवसांची नोटीस आवश्यक आहे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. या समितीपुढे आराखडा निविदेपूर्वी न्यावा. चौकाच्या कडेने दोन मीटर बाय दीड मीटरचे ओटे, पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी यांसह त्यांच्यासाठी आखून ठेवावेत. ते महापालिकेच्याच ताब्यात राहावेत; विकासकाच्या हाती गेल्यास त्यांचे भाडे दुकानाच्या दराने वाढेल. जाहीर बैठक मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही घ्यावी आणि ती दुकाने बंद झाल्यानंतर ठेवावी, नाहीतर ज्यांचा प्रश्न आहे तीच माणसे येऊ शकणार नाहीत.

काम चालू असताना सगळा वाहनतळ एकदम बंद करू नये. आधी मागच्या भूखंडावरील वाहनतळाची इमारत पूर्ण करावी, मग गल्ल्या, आणि त्यानंतर उरलेले तीन भूखंड विकासकांच्या ताब्यात द्यावेत. पहिल्या टप्प्यात निम्म्या जागेवर वाहने चालू राहतात, त्यामुळे व्यापाऱ्यांचा एकही दिवाळीचा हंगाम बुडत नाही.

वस्ती पूर्ण होऊन वापरात आल्यानंतर वर्षातून एकदा, आरंभीच्या मोजणीच्याच पद्धतीने, पुन्हा मोजणी करावी: किती वाहने, किती वेळ, आणि या खेपेस गल्लीतून पायी जाणारी माणसेही, त्यांतील स्त्रिया, मुले आणि वृद्ध वेगळे मोजून. ही आकडेवारी आणि त्या स्वतंत्र खात्याचा जमाखर्च प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावा, आणि पुढील वर्षाचे पार्किंगचे दर त्यांवरूनच ठरवावेत.